सांबऱ्याच्या मैदानावर, उड्डाणाआधीची वीस मिनिटे

९ ऑक्टोबर २०२५ रोजी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना माझ्या नावावर झाला. त्यानंतर बेळगाव, खानापूर, चंदगड या भागांतली या क्षेत्रात येऊ पाहणारी पाच-सहा मुले-मुली मला भेटून गेली. त्यांचे प्रश्न शुल्काचे, वैद्यकीय तपासणीचे आणि कागदपत्रांचे होते, आणि त्यांची उत्तरे मी पुढे ओघात दिली आहेत. परंतु मला मुख्यतः लिहायचे आहे ते विमान जमिनीवरून उचलण्याआधीच्या वीस मिनिटांविषयी. प्रशिक्षणात मी दोनदा गंभीर चुकले ते त्याच वीस मिनिटांत, आणि दोन्ही वेळा ती संपूर्ण तपासणी मला तोंडपाठ होती.

कागदांची सुरुवात जून २०२३ मध्ये झाली. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असले पाहिजे, ही अट सर्वांना ठाऊक असते. पण डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षांसाठी जो संगणक क्रमांक लागतो, त्यासाठी मंडळाकडून बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी करून घ्यावी लागते, हे मला कुणी सांगितले नव्हते. ते पत्र हातात यायला ४७ दिवस लागले. त्यातच सीमाभागातल्या पुष्कळ घरांत असतो तोच घोळ आमच्याकडेही निघाला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी होते, आधारवर नावापुढे वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर होते, आणि कन्नडवरून इंग्रजीत उतरलेल्या आडनावात एक अक्षर जास्त होते. प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि आधारमधली दुरुस्ती यांत खर्च जेमतेम बाराशे रुपये झाला, पण तीन आठवडे गेले. ज्यांना या मार्गाने जायचे आहे त्यांनी बारावीचा निकाल लागताच सर्व कागदांवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे.

वैद्यकीय तपासणीबाबत एक गोष्ट ठामपणे सांगते. शिकाऊ परवान्याला द्वितीय श्रेणीची तपासणी पुरते, म्हणून अनेकजण तेवढीच करून शुल्काचा पहिला हप्ता भरतात. व्यावसायिक परवान्याला मात्र प्रथम श्रेणीची लागते, आणि रंगदृष्टीचा, कानांचा किंवा हृदयाचा दोष पुढे त्या टप्प्यावर निघाला तर भरलेले लाखो रुपये परत मिळत नाहीत. आमचे घर शहापुरात आहे. बाबांचे उद्यमबागेत तीन लेथचे वर्कशॉप आहे. एकूण शुल्क ४४ लाख होते आणि घर तारण ठेवल्याशिवाय कर्ज मिळणार नव्हते. म्हणून बाबांनी अट घातली की प्रथम श्रेणीची तपासणी आधी करायची. दोन्ही तपासण्या होईपर्यंत आम्ही एक रुपयाही भरला नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला दोन वेळा जाणे-येणे, राहणे आणि चाचण्या मिळून २६ हजार रुपये गेले. ते सर्वांत शहाणपणाने खर्च केलेले पैसे होते, असे मला आजही वाटते. पोलीस पडताळणीचा अर्ज मात्र वेळेत मार्गी लागला. तो कन्नडमध्ये होता आणि आमच्या शेजारच्या काकूंनी तो माझ्याबरोबर बसून भरला.

२२ जानेवारी २०२४ रोजी सकाळी साडेसहाला मी पहिल्यांदा बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या आत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये बांधलेल्या या मैदानाशेजारून मी शाळेच्या बसने कितीदा गेले असेन. परंतु आतून धावपट्टी पाहताना माझे पाय थरथरत होते. आधी श्वास तपासणी झाली. ती प्रशिक्षणार्थींनाही बंधनकारक आहे, त्यामुळे मद्यांश असलेले माउथवॉश किंवा खोकल्याचे औषधसुद्धा घेऊ नये. मग माझ्या प्रशिक्षक मॅडम मला चार आसनी सेसना १७२ कडे घेऊन गेल्या आणि त्यांनी विमानाभोवती पहिली फेरी मारून दाखवली. त्या दिवशी आम्ही उडालो ३५ मिनिटे, पण ती फेरी ५० मिनिटे चालली होती.

त्या फेरीतले इंधन तपासणे सविस्तर सांगते. पंखाखालच्या झडपेला पारदर्शक पेला दाबला की त्यात थोडे पेट्रोल उतरते. हे विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. टाकी अर्धवट भरलेली राहिली की रात्रीच्या गारव्यात आत दव धरते, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाते. जुलैतल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस झाल्यावर, माझ्या पेल्याच्या तळाशी वाटाण्याएवढा बिनरंगी थेंब पेला हलवला की सरकत होता. तो दिसला, कारण वर निळे होते. मॅडमनी मला विचारले की संपूर्ण पेला पाण्यानेच भरला असता तर मला काय दिसले असते. मी उत्तर देऊ शकले नाही. स्वच्छ, एकसारखे, कोणताही थेंब नसलेले द्रव दिसले असते आणि मी ‘पाणी नाही’ म्हणून पुढे गेले असते. म्हणून पेला पांढऱ्या पंखासमोर धरून रंग पाहायचा आणि वासही घ्यायचा. नको ती गोष्ट शोधण्यापेक्षा असायला हवी ती गोष्ट आहे का हे पाहणे वेगळे आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. दुसरी गोष्ट कुंभारीण माशीची. वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीला लाल फीत लावलेले आवरण असते, ते काढायचे लक्षात राहते. पण टाकीला हवा पुरवणारी पंखाखालची बारीक नळी उघडीच असते, आणि आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास विमान चार दिवस उभे राहिले तर कुंभारीण तिच्यात मातीचे घर करू शकते. तिथे वाकून, मान वर करून पाहावे लागते. नुसते चालत गेले तर ती दिसत नाही.

पहिली चूक १८ एप्रिल २०२४ ची. सेसनाच्या टाकीची बुचे पंखावर असतात. शिडी चढून बुच काढायचे, मोजपट्टी बुडवून इंधन पाहायचे आणि बुच फिरवून घट्ट करायचे, हे तोपर्यंत मी चाळीसेक वेळा केले होते. त्या दिवशी मोजपट्टी हातात असताना खालून कुणीतरी तांत्रिक नोंदवहीवर सही मागितली. मी उतरले, सही केली, आणि तपासणी-यादीतली पुढची ओळ जी आठवली तिथून, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या पातळीपासून, पुढे सुरुवात केली. यादी पूर्ण झाली, विमानात बसले, पट्टा लावला. किल्लीला हात घालणार तेवढ्यात बाळेकुंद्रीचे एक तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, हात हलवत समोर आले. “ताई, बुच तसंच लोंबकळायलंय बघा,” एवढेच ते म्हणाले. उजव्या पंखावर साखळीला बुच लटकत होते.

उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो. उघड्या तोंडातून पेट्रोल ओढले जाते आणि फवारा होऊन मागे उडून जाते. विमानातल्या काट्यावर विसंबून ते वेळेत कळेलच याची खात्री नसते. मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी उड्डाण रद्द केले, मला सुरक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी अहवाल द्यायला सांगितले आणि तीन दिवस मी जमिनीवर राहिले. त्या रात्री मी जेवले नाही. घर माझ्यासाठी तारण ठेवले होते, आणि मी एक बुच लावू शकत नव्हते, हाच विचार डोक्यातून जात नव्हता.

बाबांना विमानातले काही कळत नाही, पण त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला वर्कशॉपमध्ये नेले. लेथवर काम पकडून ठेवणारा चक ज्या चावीने आवळतात, ती चावी चकातच विसरून मशीन सुरू केले तर ती गोळीसारखी उडते. “चकात चावी असंतोवर त्यावरचा हात काढायचा नाही, कोण हाक मारू दे, फोन वाजू दे. हात सुटला म्हणजे चावी हुकाला गेलीच पाहिजे,” असे ते म्हणाले. गेली २८ वर्षे ते नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत आले आहेत. त्या दिवसापासून बुचावरचा माझा हात ते घट्ट होईपर्यंत सुटलेला नाही.

त्या तीन दिवसांत मॅडमनी मला अपघातांचे अहवाल वाचायला दिले. तपासणी-यादी ही गोष्टच एका अपघातातून रुजली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे बॉम्बर उडाले आणि लगेच कोसळले, कारण वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहिला होता. चालवणारे मेजर प्लॉयर हिल अत्यंत अनुभवी चाचणी वैमानिक होते. ते आणि बोइंगचे लेस्ली टॉवर त्यात गेले. त्यानंतर वैमानिकांनी आठवणीवर विसंबायचे सोडून कागदावर यादी केली. मला हादरवले ते मात्र ३१ मे २०१४ च्या अहवालाने. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम विमान तोच अडसर न काढता धावपट्टीवर धावले आणि सातजण मृत्युमुखी पडले. तपासात त्या विमानाची आधीची १७५ उड्डाणे पाहिली गेली, तर नियंत्रणांची संपूर्ण तपासणी फक्त दोन वेळा झालेली आढळली. म्हणजे चूक त्या रात्रीची नव्हती. ती सवय झाली होती आणि तोवर काही बिघडले नव्हते, एवढेच. आपल्याकडचे उदाहरणही त्यांनी सांगितले. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनला दाबाची हवा पुरवणारा स्विच लावायचा राहिला आणि सुमारे ३० प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान परत फिरले म्हणून निभावले.

हे सगळे वाचून मी सुधारले, असे मला वाटत होते. ११ मे २०२४ रोजी मी एकटीने पहिले उड्डाण केले. मग पावसाळा आला. खानापूरकडून चढून येणारे ढग सांबऱ्यावर दिवसच्या दिवस ठाण मांडून बसतात. जुलैमध्ये माझे फक्त चार तास झाले. ज्यांना १८ महिन्यांत सगळे आटोपेल असे सांगितले जाते, त्यांनी बेळगावच्या पावसाचे चार महिने वेगळे धरावेत. हा काळ मी लेखी परीक्षांना दिला. विमान नियम, दिशानियोजन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांचे दोन पेपर, प्रत्येकात ७० टक्के लागतात. दिशानियोजनात मी एकदा ६६ वर अडकले आणि पुढच्या सत्राची वाट पाहावी लागली.

दुसरी चूक १२ नोव्हेंबर २०२४ ची. एकटीने हुबळीला जाऊन परत यायचे होते. हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक आदल्या संध्याकाळच्या तयारीप्रमाणे सकाळी मिळाला, विमानाची फेरी मी मन लावून केली, बुचे दोनदा पाहिली. धावपट्टी ०८ च्या तोंडाशी थांबून इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर नेले, प्लगना ठिणगी पुरवणारे दोन्ही मॅग्नेटो तपासले, सगळे ठीक होते. तेवढ्यात नियंत्रण कक्षाने थांबायला सांगितले, कारण प्रवासी विमान उतरत होते. अकरा मिनिटे गेली. जमिनीवर इंजिन मंद चालवत ठेवले की स्पार्क प्लगवर काजळी धरते, म्हणून पेट्रोलचे प्रमाण कमी करायला मी लाल मूठ बाहेर ओढली. हे बरोबरच होते. तसेच शिकवले जाते. पण उडण्यापूर्वी ती पुन्हा पूर्ण आत ढकलायला हवी, आणि ती ओळ माझ्या डोक्यात आधीच ‘झाली’ म्हणून नोंदलेली होती. परवानगी मिळाली, मी धावपट्टीवर आले, इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे नेला. इंजिन खोकल्यासारखे अडखळले आणि विमानाला हिसका बसला. वेगदर्शकाचा काटा हलायच्या आत मी थ्रॉटल मागे घेतला, ब्रेक लावले आणि थांबत असल्याचे कळवले. तेव्हा माझी नजर लाल मुठीवर गेली. ती दोन बोटे बाहेर होती.

मी परत आले आणि स्वतःहून अहवाल लिहिला. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: थांबायला सांगितले तेव्हा यादीतली कोणती ओळ चालू होती? मला सांगता आले नाही. मग त्यांनी माद्रिदचा अपघात माझ्यासमोर ठेवला. २० ऑगस्ट २००८ रोजी तिथले एक प्रवासी विमान पहिल्यांदा धावपट्टीपर्यंत गेले तेव्हा त्याचे फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणारे पंखांचे हलते भाग, बरोबर लावलेले होते. तापमान मोजणाऱ्या उपकरणातल्या बिघाडामुळे ते परत आले, दुरुस्ती झाली, उशीर झाला, आणि दुसऱ्यांदा निघताना फ्लॅप लावायचेच राहिले. धोक्याची घंटाही वाजली नाही. १५४ माणसे गेली. त्या वैमानिकांना फ्लॅप लावायचे माहीत नव्हते असे कोण म्हणेल? एप्रिलमध्ये मला सहीने अडवले, नोव्हेंबरमध्ये प्रवासी विमानाने. दोन्ही वेळा मी अडथळा संपताच पुढच्या ओळीवर गेले, आणि जी ओळ अर्धवट राहिली होती ती मनाने पुरी करून टाकली. बुचाची सवय मी लावून घेतली होती, पण ती फक्त बुचापुरती होती. अडथळ्याविषयी मी काहीच शिकले नव्हते.

यावेळी मी आठ दिवस जमिनीवर राहिले आणि नंतर मॅडमबरोबर दोन उड्डाणे करावी लागली, त्यांचे जास्तीचे २८ हजार रुपये भरले. तेव्हापासून मी तीन गोष्टी बदलल्या. यादी मनात न वाचता, विमानात एकटी असले तरी, मोठ्याने मराठीत वाचते, कारण पाठ झालेले इंग्रजी शब्द जीभ न थांबता म्हणून टाकते. डावा अंगठा चालू ओळीवर ठेवते. आणि मधे कुणी बोलले, थांबवले, हाक मारली, तर तो भाग पहिल्या ओळीपासून पुन्हा करते, ओळ आठवत असली तरीही. यात वेळ जातो. काही सोबत्यांना ते अति वाटले, आणि मला थोडे वाईटही वाटले. पण मी त्यात बदल केला नाही.

२०२५ चा उन्हाळा आणखी एका कारणाने लक्षात राहिला. सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागते. धाव लांबते, चढ मंदावतो. जानेवारीच्या पहाटेचा आकडा मे महिन्यात चालत नाही, म्हणून वजन आणि धावेचे गणित दर वेळी नव्याने मांडावे लागते. मी शक्यतो सकाळी नऊच्या आत उडत असे. वरून डावीकडे राकसकोपचा जलाशय आणि येळ्ळूरचा गड दिसत, आणि मला दर वेळी खाली कुठेतरी बाबांच्या वर्कशॉपचा पत्रा शोधावासा वाटे.

एकूण २०० तास, त्यांतले १०० तास मुख्य वैमानिक म्हणून, आणि ३०० सागरी मैलांचा एक प्रवास दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, हे सगळे ऑगस्टमध्ये पूर्ण झाले. ४ सप्टेंबर २०२५ रोजी कौशल्य चाचणी ठरली. परीक्षक शांत आणि कमी बोलणारे गृहस्थ होते. मी विमानाभोवती फिरत शेपटीपर्यंत आले होते, तेव्हा इंधनाच्या गाडीवरचा मुलगा पावतीवर सही घ्यायला आला. पाऊस येईल असे दिसत होते, परीक्षकांनी एकदा आकाशाकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहिले. मी त्या मुलाला सही करून दिली, परीक्षकांना सांगितले की मला फेरी पुन्हा सुरुवातीपासून करावी लागेल, आणि डाव्या दाराशी जाऊन पहिल्या ओळीवर अंगठा ठेवला. नऊ मिनिटे गेली. माझे कान तापले होते. उजव्या पंखावर चढून बुच हाताने फिरवले. ते घट्ट होते, पहिल्यांदाही घट्टच होते. परीक्षक काही बोलले नाहीत. नंतरच्या चर्चेत त्यांनी माझ्या एका वळणात साठ फूट उंची सुटल्याचे सांगितले, फेरीचा उल्लेखही केला नाही, आणि अर्जावर सही केली.

डीजीसीएच्या ईजीसीए या संकेतस्थळावर अर्ज भरताना उड्डाण नोंदवही, वैद्यकीय प्रमाणपत्र, रेडिओ परवाना आणि पोलीस पडताळणी एकाच नावाने असावी लागते. माझ्या रेडिओ परवान्यावर जुने आडनाव राहिल्याने अर्ज एकदा परत आला आणि नऊ दिवस वाया गेले. फेब्रुवारी २०२५ पासून वैमानिकाचा परवाना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो, त्यामुळे तो टपालाने न येता फोनवर आला. रात्रीचे पावणेदहा झाले होते. बाबा वर्कशॉपमधून नुकतेच आले होते आणि हात धूत होते. त्यांनी चष्मा लावून माझे नाव तीनदा वाचले, आडनावातले प्रत्येक अक्षर बोटाने दाखवत, आणि मग आईला हाक मारली.